मार्केसवरची प्रश्नमंजुषा : अर्जापासून अंतिम फेरीपर्यंत

यंदाच्या पावसाळ्यात मी आणि माझ्या नणंदेची मुलगी तन्वी, आम्ही दोघींनी एका साहित्य प्रश्नमंजुषेत भाग घेतला. सगळे प्रश्न एकाच कादंबरीवर: गाब्रिएल गार्सिया मार्केसची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'. एका घराण्याच्या सात पिढ्या, नावं पुन्हा पुन्हा तीच, आणि मेलेली माणसं जिवंतांशी बोलत घरात वावरतात. मला वाचनाची आवड असली तरी असल्या स्पर्धेचा अनुभव नव्हता. तन्वी पणजीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, तिचा विषय वाणिज्य. म्हणजे साहित्याचा अभ्यास म्हणावा असा दोघींचाही नाही. ज्यांना अशी स्पर्धा द्यायची आहे पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहिते आहे.

जाहिरात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिसली. दोघांचा संघ, वयाची अट नाही, संघाला प्रवेश शुल्क ३०० रुपये. १० ऑगस्टला लेखी प्राथमिक फेरी, त्यातून सहा संघ २१ सप्टेंबरच्या अंतिम फेरीला. अर्ज १५ जुलैपर्यंत, पणजीला, प्रत्यक्ष येऊन, कार्यालयीन वेळेत. सोबत आधार कार्डाच्या प्रती, दोन-दोन फोटो आणि कुठल्याही नोंदणीकृत वाचनालयाचे सभासद असल्याचं पत्र.

शेवटच्या त्या पत्रानेच सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. सभासद मी होते, पण वर्गणी थकली होती. नूतनीकरणाला पत्त्याचा पुरावा हवा. विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि मतदार कार्डावरचा घर क्रमांक जुना. खिडकीवरच्या बाईंनी समजून घेतलं, पण नियम म्हणून पंचायतीचा रहिवासी दाखला मागितला. आमच्या पंचायतीच्या सचिवांकडे आणखी एका पंचायतीचा ताबा, त्यामुळे ते आठवड्यातले ठरावीक दिवसच भेटतात. त्यात एक दिवस ते ग्रामसभेच्या तयारीत होते. दाखला मिळाला, मग थकबाकीसह २४० रुपये भरले, मग पत्र. पत्रावर शिक्का मारलाय की नाही ते तिथेच बघून घ्या. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका काकांना बिनशिक्क्याचं पत्र म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं.

अर्ज द्यायला आम्ही गेलो तो दिवस २४ जून, सां जुआंवचा, म्हणजे गोव्यातल्या पावसाळी सणाचा. डिचोलीहून निघालेली बस रेंगाळत चालली होती. रस्त्याने पोरं डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून, भिजलेल्या अंगाने गात चालली होती. कार्यालयात पोचायला उशीर झाला, पण अर्ज घेतला. पावती मिळाली, तिचा तन्वीने तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढला. ही पावती पुढे फार उपयोगी पडली.

आता पुस्तक. वाचनालयात एक प्रत होती. तिच्या सुरुवातीला असलेलं वंशवृक्षाचं पान कुणीतरी फाडून नेलेलं. पणजीत नवी प्रत घेतली. छापील किंमत ५९९, मला ५३० ला पडली. ग्रेगरी राबासाने केलेला हा इंग्रजी अनुवाद १९७० चा, मूळ स्पॅनिश कादंबरी १९६७ साली बुएनोस आयरेसमध्ये प्रसिद्ध झाली. स्पर्धेसाठी पुस्तक स्वतःच्या मालकीचंच हवं, कारण त्यावर लिहावं लागतं. या कादंबरीत वीस प्रकरणं आहेत, पण त्यांना ना क्रमांक ना शीर्षक. पहिलं काम मी केलं ते हेच: पेन्सिलने १ ते २० आकडे टाकले. त्याशिवाय 'ते कुठे होतं गं?' या प्रश्नाला दोघींना एकमेकींशी बोलताच येत नव्हतं. दुसरं म्हणजे उच्चार ठरवून घेतले. तन्वी 'जोस' म्हणायची, मी 'होसे'. आम्ही होसेवर थांबलो.

पहिलं वाचन संपायला जुलैचा दुसरा आठवडा उजाडला, आणि खरं सांगायचं तर मला रडू यायचं बाकी होतं. वाचताना फार आनंद झाला होता, पण पुस्तक मिटलं की डोक्यात नुसता गोंधळ. होसे आर्काडिओ बुएंदिया, त्याचा मुलगा होसे आर्काडिओ, नातू आर्काडिओ, त्याचा मुलगा होसे आर्काडिओ सेगुंदो, आणि पुढे आणखी एक होसे आर्काडिओ. दुसऱ्या बाजूला औरेलियानोंची रांग. त्यात कर्नल औरेलियानो बुएंदियाला सतरा वेगवेगळ्या बायकांपासून सतरा मुलगे, सगळ्यांची नावं औरेलियानो. तन्वीने वंशवृक्ष मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावला. त्याकडे बघितलं की कळायचं, नजर हलली की जायचं.

वाट दाखवली ती माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, शाळा दुसरीपर्यंत. पण आमच्या वाड्यावरचं कोण कुणाचं कोण लागतं, कुणाची सून कुठल्या गावची, हे त्यांना तोंडपाठ. त्या संध्याकाळी वीज गेली होती. आई पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. आठळीचं वरचं पांढरं चिवट साल नखाने उकलायचं, मग आतलं तपकिरी सुरीच्या टोकाने खरवडायचं. त्यांचा हात अंधुक उजेडातही थांबत नाही. वाचता येत नव्हतं म्हणून मी तन्वीला गोष्ट मोठ्याने सांगत होते. तिसऱ्या पिढीला आले आणि आईंनी मला थांबवलं.

"थांब गो. ह्या आर्काडिओची आई कोण, ते सांग आधी."

म्हटलं, "पिलार तेर्नेरा. पत्ते बघून भविष्य सांगणारी."

"मग ती घरची सून?"

"नाही. लग्न नाही झालं. थोरल्या होसे आर्काडिओपासून तिला हा मुलगा झाला. आणि धाकट्या भावापासून, म्हणजे कर्नलपासून, औरेलियानो होसे."

"म्हणजे दोघे एका आईचे. बापांची नावं ठेव बाजूला. आई कोण ते धर, पोर आपोआप कळतं."

आमची खरी तयारी त्या दिवशी सुरू झाली. वही नव्याने केली. प्रत्येक आईला एक पान. उर्सुला इगुआरानच्या पानावर होसे आर्काडिओ, औरेलियानो, आमारांता, आणि खाली वेगळ्या रेघेत रेबेका, कारण ती आईबापांची हाडं गोणपाटाच्या पिशवीत घेऊन आलेली पोरकी मुलगी, घरात वाढवलेली. पिलारच्या पानावर दोन मुलगे. सांता सोफिया दे ला पिएदादच्या पानावर सुंदर रेमेदिओस आणि जुळे: होसे आर्काडिओ सेगुंदो, औरेलियानो सेगुंदो. फेर्नांदा देल कार्पिओच्या पानावर होसे आर्काडिओ, मेमे आणि आमारांता उर्सुला. मेमेच्या पानावर एकच, मौरिसिओ बाबिलोनियापासून झालेला औरेलियानो. पुरुषांची नावं एकसारखी असली तरी आयांची नावं प्रत्येकीची निराळी आहेत. एवढं धरल्यावर एका रात्रीत गुंता सुटला म्हणणार नाही, पण आठवडाभरात नाव ऐकलं की पान डोळ्यांसमोर यायला लागलं.

आणि असं वाचल्यावर कादंबरीही वेगळी दिसली. पिलार तेर्नेरा घराच्या उंबऱ्याबाहेरची, पण पुढचा सगळा वंश तिच्या रक्ताचा आहे. आर्काडिओला ती आपली आई आहे हे ठाऊक नसतं. तो तिच्या मागे लागतो तेव्हा ती आयुष्यभराच्या बचतीतले निम्मे, म्हणजे पन्नास पेसो, खर्चून सांता सोफियाला त्याच्याकडे पाठवते. सांता सोफिया तर त्या घरात अर्ध्या शतकाहून जास्त राबते आणि म्हातारपणी एक गाठोडं घेऊन निघून जाते, कुठे ते कुणालाच कळत नाही. परीक्षेच्या दृष्टीने हे सगळे 'किरकोळ' तपशील. माझ्या मते तेच कादंबरीचा कणा आहेत. अंतिम फेरीत या दोघींवर प्रश्न आलेही.

आईंना रोज गोष्ट ऐकायची सवय झाली. त्या प्रश्न विचारत आणि आमची उजळणी होई. मूळ पुरुष होसे आर्काडिओ बुएंदियाला वेड लागल्यावर अंगणातल्या चेस्टनटच्या झाडाला बांधून ठेवतात, हे ऐकून त्या चिडल्या, "गावात वैद्य नव्हता काय?" मेल्कियादेस या जिप्सीने घराण्याचं सगळं भविष्य संस्कृतात लिहून ठेवलं होतं म्हटल्यावर मात्र त्यांना फार बरं वाटलं. (हा प्रश्न हमखास येतो. संस्कृत भाषा, त्यातही एकाआड एक ओळी दोन निरनिराळ्या सांकेतिक लिपींत.) तुमच्या घरी असं कुणी ऐकणारं असेल तर त्यांना गोष्ट सांगा. वाचलेलं किती टिकलंय ते सांगतानाच कळतं.

आकड्यांसाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळी पानं होती. कर्नलने बत्तीस उठाव केले आणि सगळे हरला. चौदा वेळा त्याच्या जिवावर बेतलं, त्र्याहत्तर वेळा दबा धरून हल्ले झाले, एकदा गोळीबार पथकासमोर उभा राहिला, आणि या सगळ्यातून वाचला. म्हातारपणी तो रोज दोन सोन्याचे मासे घडवतो, पंचवीस झाले की वितळवून पुन्हा सुरू. बर्फ बघायला तीस रियाल, हात लावायला आणखी पाच. थोरला होसे आर्काडिओ मरतो तेव्हा त्याच्या रक्ताची धार गल्ल्या ओलांडत उर्सुलाच्या स्वयंपाकघरात पोचते, तेव्हा ती पावासाठी छत्तीस अंडी फोडायच्या तयारीत असते. पाऊस चार वर्षं, अकरा महिने, दोन दिवस. नुसते आकडे पाठ केले तर ते एकमेकांत मिसळतात. प्रत्येक आकडा एखाद्या प्रसंगाला बांधून ठेवावा.

पावसाचं ते सोळावं प्रकरण मी आमच्या जुलैत वाचलं. कपाटातल्या कपड्यांना वास येत होता, पुस्तकाची पानं ओली पडून फुगली होती, मी पुस्तक रात्री तांदळाच्या डब्यावर ठेवत असे. पण त्याहून जास्त जवळचं वाटलं त्याच्या आधीचं प्रकरण. केळ्यांची कंपनी त्याआधीच गावात आलेली, बाहेरची माणसं, नवी घरं, पैसा. मग संप होतो, स्टेशनासमोर जमलेल्या कामगारांवर गोळ्या चालतात. होसे आर्काडिओ सेगुंदो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीतून उडी मारून परत येतो, तर असं काही घडलंच नाही असं गावात प्रत्येकजण त्याला सांगतो. यामागे खरा इतिहास आहे: डिसेंबर १९२८, कोलंबियातलं सिएनागा, युनायटेड फ्रूट कंपनीच्या कामगारांचा संप. आमच्याकडे तसा गोळीबार झाला नाही आणि ती तुलना मी करणार नाही. पण कंपनीच्या जिवावर उभं राहिलेलं आणि ती थांबल्यावर ओस पडलेलं गाव डिचोली-साखळीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. आमचा ट्रक ताडपत्रीखाली उभा होता आणि त्याचे हप्ते चालू होते. ते प्रकरण वाचून मी पुस्तक काही दिवस बाजूला ठेवलं. तन्वीने विचारलं, "मामी, थांबलीस का?" तिला तेव्हाचं आठवत नाही, लहान होती. मग तिला ते सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी प्रश्नमंजुषेचा अभ्यास काही झाला नाही.

लेखकाच्या चरित्राचा भाग तन्वीने घेतला. कॉलेज सुटल्यावर ती पणजीतल्या पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बसायची. संदर्भविभागातलं एक जाड पुस्तक तिला घरी आणायचं होतं. तिथले काका हसून म्हणाले, "बाय, हें पुस्तक भायर व्हरूंक मेळचें ना," आणि खिडकीजवळची जागा दाखवली. तिच्या टिपणांतलं जे उपयोगी पडलं ते असं: जन्म ६ मार्च १९२७, कोलंबियातलं आराकाताका. आजी-आजोबांकडे वाढला. आजोबा १८९९ ते १९०२ च्या 'हजार दिवसांच्या युद्धा'तले कर्नल. कादंबरीतला नेर्लांदियाचा तह खरोखर झालेला, ऑक्टोबर १९०२ मध्ये. कादंबरीचं हस्तलिखित मेक्सिकोहून बुएनोस आयरेसला पाठवायला टपालाचे पुरेसे पैसे नव्हते, म्हणून नवराबायकोने अर्धंच पाठवलं, आणि घरी येऊन बघतात तर गेलं होतं ते नंतरचं अर्धं. १९८२ चं नोबेल. मृत्यू १७ एप्रिल २०१४, मेक्सिको सिटी. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली या कादंबरीवरची मालिका आम्ही मुद्दाम बघितली नाही. तिच्या पहिल्या पर्वात कथा अर्ध्यावरच थांबते, शिवाय पडद्यावरचे चेहरे एकदा डोक्यात बसले की पुस्तकातला तपशील पुसट होतो असं मला वाटतं.

१० ऑगस्ट, रविवार. नोंदणीच्या टेबलावर यादीत आमचं नावच नव्हतं. पोटात गोळा आला. तन्वीने शांतपणे पावतीचा फोटो दाखवला, मी पिशवीतून मूळ पावती काढली. वेगळ्या कागदावर नाव लिहून आम्हाला आत सोडलं. साठ प्रश्न, एक तास, चुकलं तर अर्धा गुण वजा. पन्नासेक प्रश्न आम्ही खात्रीने सोडवले, अंदाजाने एकही नाही. अर्ध्या गुणाची कात्री असेल तर माझा सल्ला हाच राहील.

दुपारी उत्तरसूची लावली. एका प्रश्नात विचारलं होतं, गोळीबार पथकाकडून कुणाचा शेवट झाला? सूचीत उत्तर होतं कर्नल औरेलियानो बुएंदिया. पुस्तकाचं पहिलंच वाक्य त्याला गोळीबार पथकासमोर उभं करतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण त्याला ऐनवेळी त्याचा भाऊ सोडवतो आणि तो पुढे म्हातारा होऊन, तेराव्या प्रकरणाच्या शेवटी, त्याच चेस्टनटच्या झाडाखाली मरतो. गोळ्या घालून मारला जातो तो आर्काडिओ, दफनभूमीच्या भिंतीला टेकून. हरकत नोंदवायची तर लेखी, पान क्रमांकासह, एका तासाच्या आत, शंभर रुपये अनामत ठेवून. प्रकरणांना आकडे टाकलेले होते म्हणून पान लगेच सापडलं. हरकत मान्य झाली, अनामत परत मिळाली. १४ तारखेला सहा संघांची यादी लागली, त्यात आम्ही शेवटच्या जागेवर होतो. तो एक प्रश्न नसता तर आत आलो नसतो.

मग २७ ऑगस्टची चवथ आली. घर सारवणं, माटोळी बांधणं, नेवऱ्या, पाहुणे. त्या दिवसांत वहीला हात लागला नाही आणि त्याची रुखरुखही लावून घेतली नाही. चवथीनंतर तन्वी रोज रात्री मला पाच प्रश्न आवाजी निरोपाने पाठवायची, मी सकाळी पेज शिजेपर्यंत उत्तरं सांगायची. दुसरं पूर्ण वाचन फक्त मी केलं, तिने दहाव्या प्रकरणापासून पुढचं केलं.

अंतिम फेरी साडेदहाची, सुरू झाली बाराला. अशा वेळी बरोबर खायला काहीतरी असू द्या. आमच्याकडे उंडो (गोव्याकडचा पाव) आणि केळी होती, शेजारच्या संघालाही दिली. मंचावरचा उजेड डोळ्यांवर येतो, आणि बझर दाबायची घाई झाली की येणारं उत्तरसुद्धा निसटतं. आम्ही आधीच ठरवलं होतं: नात्यांचे प्रश्न माझे, लेखक आणि इतिहास तन्वीचा. पहिल्या फेरीत माझा हात इतका थरथरत होता की बझर तिच्याकडे दिला.

'आमारांता कुणाची आत्या आणि कुणाची चुलत आजी?' असा प्रश्न आला तेव्हा मात्र थरथर थांबली. सांता सोफियाला किती पैसे मिळाले, तेही आम्ही सांगितलं. परिच्छेद ओळखण्याच्या फेरीत मागे पडलो. जुळ्यांच्या मरणाचा उतारा वाचला होता, दोघे एकाच क्षणी जातात आणि शवपेट्यांची अदलाबदल होऊन चुकीच्या थडग्यांत पुरले जातात. उत्तर माहीत होतं, पण दुसऱ्या संघाचा बझर आधी वाजला. पुढच्यांनी या फेरीसाठी वेगळा सराव करावा: प्रत्येक प्रकरणातले दोन उतारे मोठ्याने वाचून घ्यायचे आणि तिसऱ्या वाक्याच्या आत ओळखायचे. आम्ही तो केला नव्हता. पहिला आलेला संघ मडगावचा, दोघे निवृत्त शिक्षक, त्यांनी नेमकं हेच केलं होतं, नंतर चहा घेताना त्यांनीच सांगितलं.

आम्ही तिसऱ्या आलो. बक्षीस दोन हजार, थेट खात्यात. त्यासाठी रद्द केलेला धनादेश, पॅन कार्डाची प्रत आणि दोघींच्या सह्यांचं पत्र द्यावं लागतं, कारण पैसे एकाच खात्यात जमा होतात. रक्कम यायला महिना लागला. पुस्तक, वर्गणी, प्रवेश शुल्क, झेरॉक्स आणि प्रवास मिळून आमचा खर्च साधारण तेवढाच झाला होता.

आयांच्या नावांची ती वही आता आमच्या वाचनालयात आहे. मूळ वही आईंनी देऊ दिली नाही, म्हणून झेरॉक्स काढून स्पायरल करून ठेवली आहे. कादंबरीच्याच कप्प्यात, नव्या प्रतीच्या शेजारी. वंशवृक्षाचं फाटलेलं पानही त्यात तन्वीच्या अक्षरात पुन्हा काढून जोडलं आहे.